गप्पीच्या पोटातला लाल जंत: दुकानातून टाकीत, टाकीतून विहिरीत

नमस्कार मंडळी. हा गप्पी नीट बघा.

(क्लोज-अप: माशाचा मागचा भाग)

गुदद्वारातून दोन-तीन लाल धागे बाहेर आलेत. मासा स्थिर असला की दिसतात, हलला की आत जातात. पुष्कळांना ती विष्ठा वाटते. पण हा कॅमॅलॅनस कॉटी नावाचा जंत आहे. आतड्याला धरून बसतो आणि माशाचं रक्त पितो.

गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला, जंत आशियातला. त्याचं पहिलं वर्णन १९२७ साली जपानमध्ये झालं. दोघांची गाठ पडली ती शोभेच्या माशांच्या व्यापारात. वेगवेगळ्या फार्मवरचा माल निर्यातदाराकडे एकत्र होतो, पॅकिंगआधी मासे उपाशी ठेवतात, मग दाटीवाटीचा प्रवास. प्रतिकारशक्ती ढासळते आणि थोडे असलेले जंत बळावतात. पुढे आपल्या नाशिकच्या दुकानातही एकच जाळी सगळ्या टाक्यांत फिरते. दुकानदार फसवतोच असं नाही. जंत लहान असताना बाहेरून काहीच दिसत नाही.

याची मादी अंडी घालत नाही, जिवंत अळ्या सोडते. त्या अळ्या सायक्लोप्स नावाचा पाण्यातला बारीक जीव खातो आणि सायक्लोप्सला मासा खातो. काचेच्या टाकीत सायक्लोप्स नसला तरी याचं अडत नाही, मासा अळी थेट गिळतो. म्हणून एक मासा आजारी म्हणजे अख्खी टाकी आजारी धरायची.

घरातल्या ज्येष्ठांना नारू, म्हणजे माणसाच्या कातडीतून बाहेर येणारा लांब जंत, आठवत असेल. तोही विहिरीतल्या सायक्लोप्समधूनच माणसात यायचा. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. कॅमॅलॅनस माणसाला होत नाही, पण सायक्लोप्स आपल्या विहिरी-तळ्यांत आजही आहेत. त्यामुळे डास कमी होतील म्हणून दुकानातले गप्पी विहिरीत किंवा गोदावरीत सोडू नका. हवाई बेटांवर बाहेरून आणलेल्या गप्पीच्या भाऊबंदांबरोबर हाच जंत गेला आणि तिथल्या ओढ्यांतल्या मूळच्या गोबी माशांना लागला. नदीत औषध टाकता येत नाही हो!

आता उपाय. नव्या माशांसाठी ४० लिटरची वेगळी टाकी ठेवा. स्पंज फिल्टर, हीटर, तळ मोकळा, वाळू नको. मासे ४ आठवडे तिथेच. नाशिकच्या थंडीत रात्रीचा पारा १० अंशांखाली जातो, म्हणून हीटर २६ वर हवाच. पाणी गार-गरम होत राहिलं की पांढऱ्या ठिपक्यांचा रोग उफाळतो. त्याचं औषध फक्त पाण्यात पोहणाऱ्या अवस्थेवर चालतं, तेव्हा ठिपके गेले म्हणून डोस लगेच थांबवू नका.

लाल जंतावर लेव्हामिसोल. प्रमाण लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे ४० लिटर पाण्याला ८० मिलिग्रॅम. टाकीच्या मापावर जाऊ नका, आत खरोखर किती पाणी आहे ते मोजा. गोळीत मूळ औषध किती, हे पशुवैद्याकडून समजून घ्या. २४ तास दिवा बंद, कारण उजेडात औषध निकामी होतं.

इथेच बहुतेकांचं चुकतं. लेव्हामिसोलने जंत मरत नाही, लुळा पडतो आणि जिवंतच तळाला येतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सायफनने तळ पूर्ण साफ करायचा, निम्मं पाणी बदलायचं. ३ आठवड्यांनी पुन्हा हेच सगळं, ठणठणीत दिसणाऱ्या माशांसकट. प्राझिक्वांटेल देऊ नका, ते पट्टकृमी आणि कल्ल्यांवरच्या फ्लूक नावाच्या चपट्या कृमींसाठी असतं. चिमट्याने जंत ओढू नका, आतडं फाटतं. आतडं आधीच खराब झालेले काही मासे औषधानंतरही दगावतात.

सायफनचं पाणी बादलीत घ्या, ब्लीचिंग पावडर टाकून तासभर ठेवा आणि संडासात ओता. ती बादली टाकीच्या कामाला परत वापरायची नाही. मेलेला मासा कागदात गुंडाळून घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात. जाळी आणि नळी कडक उन्हात पूर्ण सुकवा, आणि प्रत्येक टाकीची जाळी वेगळी ठेवा.