सध्या काय वाचायलाय?

(दृश्य : सिद्धेश्वर तलाव, सकाळ. काठाने फिरणारी माणसं. मागे किल्ल्याचा बुरूज.)

रविवार, सकाळचे साडेसहा. एप्रिल महिना आहे. जे काही करायचं ते नऊच्या आत, कारण त्यानंतर सोलापुरात सावलीसुद्धा तापते.

भुईकोट किल्ल्याजवळच्या बागेत कुणीतरी चादर अंथरतंय. चादर अर्थातच सोलापुरी. धुऊन धुऊन मऊ झालेली, मधल्या मोराची मान कधीच विरून गेलेली. तिच्यावर सात-आठ माणसं बसतात. हार नाही, शाल नाही, प्रास्ताविक नाही, आभारप्रदर्शन नाही. आमच्याकडे तीन माणसं जमली की चौथा अध्यक्ष म्हणून बोलवावा लागतो. त्या मानाने हे फारच झालं.

इथं प्रश्न एकच विचारतात.

"सध्या काय वाचायलाय?"

पुण्याचा माणूस 'वाचताय' म्हणेल. आम्ही 'वाचायलाय' म्हणतो, आणि या चादरीवर तोच शब्द बरोबर बसतो. कारण अट अशी आहे की पुस्तक अजून संपलेलं नसावं. संपलेल्या पुस्तकाबद्दल माणसं शोकसभेतल्यासारखी बोलतात, सगळं चांगलंच. अर्ध्यावर असलेल्या पुस्तकाबद्दल मात्र खरं सांगावं लागतं. कंटाळा आला, अडकलो, कोण कुणाचा भाऊ ते विसरलो, असं सगळं.

(दृश्य : एक जाडजूड पुस्तक. त्यातून बाहेर डोकावणारी, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी.)

हे जॉबरकाका. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात यंत्रमाग दुरुस्त करतात. रात्रपाळी संपवून थेट इकडे येतात, केसांवर अजून सुताचा पांढरा कोंडा असतो. हातात मारुती चितमपल्लींचं आत्मचरित्र, 'चकवाचांदण' आहे. चितमपल्लींचा जन्म सोलापूरचा, १९३२ चा. आयुष्य वनखात्यात आणि विदर्भाच्या जंगलांत गेलं. शेवटी ते परत आले आणि जून २०२५ मध्ये इथंच गेले.

या शहरात १९४१ मध्ये वि. स. खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं, आणि २००६ मध्ये चितमपल्लींच्या. त्या २००६ च्या मांडवाबाहेर काका चहा वाटत होते. "अध्यक्षाला लांबून बघितलो," ते म्हणतात. "पुस्तक हातात यायला मात्र वीस वर्षं लागली की."

किती झालं वाचून? पुढे बरंच गेले होते, म्हणे. मग लहानपणीच्या सोलापूरची पानं पुन्हा वाचाविशी वाटली, म्हणून मागे आले. तीन महिने तिथंच आहेत.

आता ती पट्टी बघा. हा जेकार्डचा पत्ता. चादरीवरची नक्षी अशा पत्त्यांच्या माळेत साठवलेली असते. भोक असेल तर तो उभा धागा उचलला जातो, नसेल तर खालीच राहतो. मग आडवा धागा जातो आणि माळ एक पत्ता पुढे सरकते. काका पत्ता उजेडाकडे धरतात, डोळे बारीक करतात आणि सांगतात की ही फुलाची ओळ नाही, काठाची आहे. त्यांच्या शिक्षणाच्या रकान्यात 'सातवी नापास' लिहिलेलं आहे.

(दृश्य : सुपात कापलेली तेंदूची पानं. भरभर चालणारी बोटं.)

अक्का चादरीवर रिकाम्या हाताने बसत नाहीत. मांडीवर सूप, त्यात ओली करून साच्याने कापलेली पानं, तंबाखू आणि दोरा. घरात तेलुगू, शाळा मराठी, तीही चौथीपर्यंत. त्या विड्या वळतात आणि कॉलेजातली मुलगी त्यांना मोठ्याने वाचून दाखवते. सध्या भैरप्पांचं 'पर्व' चालू आहे. महाभारतावरची कन्नड कादंबरी, उमा कुलकर्णींच्या मराठीतली.

पान नंबर विचारला तर अक्का हसतात. त्यांचा हिशोब हजारीचा. "कुंती संपायला दोन हजार विड्या लागल्या. द्रौपदी अजून चालूच आहे."

आता ऐकलेलं पुस्तक वाचलेलं धरायचं का? यावर एक अख्खा रविवार भांडण झालं. एक सेवानिवृत्त गृहस्थ हट्टालाच पेटले होते : डोळ्यांनी अक्षर बघितलं नाही तर ते वाचन कसलं? अक्का काही बोलल्या नाहीत, फक्त विड्यांची जुडी जरा जोरात बांधली. शेवटी भांडण मिटवलं अण्णांनी. ते म्हणाले, "अहो, उमाताईंनी तरी काय केलं? यजमान विरुपाक्ष कन्नड मोठ्याने वाचायचे, आणि त्या ऐकून मराठीत उतरवायच्या. ज्या बाईने कन्नड पुस्तकं कानाने मराठीत आणली, तिचं पुस्तक कानाने घेतलं तर बिघडलं कुठं?"

गृहस्थ गप्प झाले. पुढच्या रविवारी अक्कांसाठी शेंगाचटणी घेऊन आले. माफी मागण्याची आमच्याकडची पद्धत.

(दृश्य : कन्नड अक्षरांखालून सावकाश सरकणारं बोट.)

हे अण्णा. बँकेत आयुष्यभर मराठीत सह्या केल्या, आता सिद्धरामेश्वरांची वचनं मूळ कन्नडमध्ये वाचताहेत. अक्षर लावत लावत, महिन्याला एखादं वचन. दर जानेवारीत त्यांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, 'हर्र बोला हर्र'ने शहर दणाणतं. पण आपलं ग्रामदैवत, म्हणजे हेच सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले कवी होते, आणि सोलापूरचं तेव्हाचं नाव सोन्नलगी होतं, हे त्या गर्दीतल्या किती जणांना ठाऊक असेल, देव जाणे. मला तरी नव्हतं. बहुतेक वचनांत 'कपिलसिद्धमल्लिकार्जुना' अशी हाक येते. तेवढा एक शब्द अण्णा न अडखळता वाचतात. तो आला की घर आल्यासारखं वाटतं, म्हणतात.

(दृश्य : अभ्यासिका. ओळीने मांडलेली टेबलं, पाण्याच्या बाटल्या, वाकलेल्या माना.)

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा तिने बोलायलाच नकार दिला. "मी काही वाचत नाही. गाईड वाचते." कुणी हसलं नाही. अक्कांनी विचारलं, "गाईडात कुठं आलीस?" आधुनिक भारतात, १९३० वर. तिथं सोलापूरच्या मार्शल लॉला दीड ओळ होती. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. या चौघांच्या पुतळ्यांवरून ती रोज अभ्यासिकेत जाते. दीड ओळीत ते कसे मावले, हे तिला कळेना.

याच्यापुढचं कुठे वाचायला मिळेल? तिने विचारलं तेव्हा कुणालाच पटकन सांगता आलं नाही. पुढच्या रविवारी मात्र चादरीवर तीन पुस्तकं होती. एक हिराचंद नेमचंद वाचनालयातलं, एक कुणाच्या तरी माळ्यावरचं, आणि एकाला मुखपृष्ठच नव्हतं. परीक्षेला याचा उपयोग शून्य. तिने तिन्ही नेली.

(दृश्य : कॅमेरा धरलेल्या माणसाची चादरीवर पडलेली सावली.)

आता माझं. मी चित्रीकरणाला आलो आणि पहिल्याच दिवशी प्रश्न माझ्यावर आला. गडबडीत मोठं नाव घेतलं : 'डांगोरा एका नगरीचा'. त्र्यंबक विनायक सरदेशमुखांची कादंबरी, २००३ चा साहित्य अकादमी पुरस्कार, आणि लेखक आपल्याच भागातले. एवढी माहिती घडाघडा सांगितली. काकांनी शांतपणे विचारलं, "ते झालं. कुठवर आलाय?"

मी चाळिसाव्या पानावर सोडली होती. आठ वर्षांपूर्वी.

खरं सांगितलं. वाटलं होतं मान खाली घालावी लागेल, पण चादरीवर जरा हुशारीच आली. कुणी म्हणालं, मीपण तिथंच सोडली होती. कुणी म्हणालं, साठाव्या पानापर्यंत नेटाने जा, मग बघू. पुस्तक संपवलेला तिथं कुणीच नव्हता, त्यामुळे सल्ले मुबलक मिळाले.

त्यानंतरचा हा चौथा रविवार. ऊन बुरुजावरून खाली उतरलंय, चादर झटकायची वेळ झालीय.

"कुठं आलाय?" काकांनी विचारलं.

"ब्याण्णव." पुस्तकात खूण म्हणून पेट्रोलची पावती होती, शाई उडालेली. काकांनी ती काढून माझ्या हातावर ठेवली. खिशातून जेकार्डचा एक पत्ता काढला आणि त्या जागी घातला.

"जुन्या डिझाइनचा आहे. आता कोण मागत नाही."

(दृश्य : उघडं पुस्तक. पानाच्या वर उन्हात धरलेला पत्ता. त्याच्या भोकांतून छापील ओळींवर पडलेले उजेडाचे ठिपके.)