गांध

(दृश्य : हाताचा आतला भाग, अगदी जवळून. त्यावर निळ्या पेनानं लिहिलेले आकडे.)

हा हात पुण्यातल्या एका शिक्षिकेचा. त्यांची ॲलर्जीची चाचणी चाललीय. मनगटापासून कोपरापर्यंत आकडे घातलेत आणि प्रत्येक आकड्यापाशी एकेक थेंब आहे. गाजरगवताचे पराग, धुळीतले माइट नावाचे सूक्ष्म किडे, झुरळ, बुरशी. नर्स थेंबातून बारीक सुई टोचते. रक्त येऊ द्यायचं नाही, कातडी जेमतेम उचलायची. मग थांबायचं, पंधरा-वीस मिनिटं. खाज सुटली तरी खाजवायचं नाही.

आता चौथ्या आकड्याकडे पाहा. आधी लाली, मग मधोमध फिकट फुगवटा. गांध उठली. पारदर्शक पट्टीनं ती मोजतात. तुलनेसाठी ठेवलेल्या सलाइनच्या, म्हणजे नुसत्या मिठाच्या पाण्याच्या, थेंबाजागी जे उठतं त्यापेक्षा ३ मिलिमीटरनं मोठी भरली, तर शरीरानं त्या पदार्थाशी वैर धरलंय असं मानतात.

बाईंच्या थोरल्या बहिणीला कॅन्सर झाला होता. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "इतकी वर्षं शिंकतेय मी. याचं पुढे तसलं काही होणार नाही ना?"

(दृश्य : गांधेवरून कॅमेरा हळूच मागे.)

या प्रश्नाच्या उत्तराची वाट अशाच एका गांधेपासून सुरू होते. ब्रेस्लाऊ, १९२१. तेव्हा जर्मनीत असलेलं हे शहर आज पोलंडमध्ये आहे. हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरांना मासे सोसत नसत. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांना माशांचा काहीच त्रास नव्हता. प्राउस्निट्झनी काय केलं, तर क्युस्टनर यांच्या रक्तातलं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारं पाणी, स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. थोड्याच वेळात तिथे गांध! क्युस्टनर यांची ॲलर्जी सीरमबरोबर प्राउस्निट्झ यांच्या पोटावर आली होती. रक्तात काहीतरी होतं. ते नेमकं काय, हे कळायला पुढे ४५ वर्षं गेली.

१९६६ साल, अमेरिकेतलं डेन्व्हर. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य रॅगवीडची ॲलर्जी असलेल्यांच्या सीरममधून तो पदार्थ वेगळा करू पाहत होतं. रॅगवीड म्हणजे आपल्या गाजरगवताचं भावंडच. पदार्थ इतका कमी की यंत्रांना दिसेना. मग तपासायचा कुठे? स्वतःच्या कातडीवर. तो आहे की नाही, हे गांधच सांगे.

(दृश्य : सीरमच्या नळ्या, एकामागून एक.)

त्याच सुमारास स्वीडनमधल्या उप्सालात गुन्नर योहान्सन आणि हान्स बेनिख एका मायलोमाच्या रुग्णाचं सीरम तपासत होते. मायलोमा हा प्रतिपिंडं, म्हणजे परक्या पदार्थांना ओळखून धरणारी रक्तातली प्रथिनं, बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर. एक पेशी बिघडते, तिच्यासारख्या असंख्य होतात आणि सगळ्या मिळून एकच प्रतिपिंड रक्तात ओतत राहतात. या रुग्णाच्या रक्तातलं प्रतिपिंड माहीत असलेल्या कुठल्याच प्रकारात बसेना. जे निरोगी माणसात शोधूनही सापडू नये, त्याचा इथे साठा होता. दोन्हीकडचे नमुने ताडून पाहिले. पदार्थ एकच निघाला. १९६८ मध्ये त्याला नाव मिळालं, इम्युनोग्लोब्युलिन ई, थोडक्यात आयजीई.

थोडं थांबून ऐका. ॲलर्जीचं प्रतिपिंड हाती लागलं, त्यात एका कॅन्सरच्या रुग्णाच्या रक्ताचा एवढा मोठा वाटा आहे. शोधनिबंधात त्या व्यक्तीची ओळख फक्त 'एनडी' ही दोन अक्षरं. ॲलर्जीसाठी आज जी रक्ततपासणी होते, ती उभी राहिली याच रक्ताच्या आधारानं. इशिझाकांचं नाव घेताना आपण एनडीलाही आठवावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आता बाईंच्या प्रश्नाकडे. ॲलर्जीमुळे कॅन्सर होतो, की उलट ॲलर्जीवाल्यांना तो कमी होतो? २०१६ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात ग्लायोमा या मेंदूच्या गाठीचे साडेचार हजार रुग्ण होते. श्वसनाची ॲलर्जी असलेल्यांत या गाठीचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला. पण ही गाठ मुळातच विरळा. शिवाय गाठच आधीपासून प्रतिकारशक्ती दाबत असेल आणि म्हणून रुग्णांत ॲलर्जी कमी दिसत असेल, ही शंका उरतेच. दम्याच्या रुग्णांत तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका उलट थोडा वाढलेला आढळतो. म्हणून शिंका बऱ्या म्हणून औषध सोडू नका, आणि शिंकांमुळे कॅन्सर होईल या धास्तीनं झोपही घालवू नका.

(दृश्य : पुन्हा तोच हात.)

ब्रिटनमध्ये आयजीई प्रकारचं प्रतिपिंड कॅन्सरवरचं औषध म्हणून २६ रुग्णांना देऊन पाहिलं. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. एका रुग्णेची गाठ आकसली, एका रुग्णाला तीव्र रिॲक्शन आली. बऱ्याच जणांच्या अंगावर काय उठलं, तर गांधी.

बाईंच्या हातावरची लाली आता उतरतेय. नर्स स्पिरिटच्या बोळ्यानं आकडे पुसते. चारचा आकडा सहजी जात नाही. बाई म्हणतात, "राहू दे, उद्या शाळेत मुलांना दाखवते."