आडभिंत

(दृश्य : अंधारं स्वयंपाकघर. कुलरची घरघर. मग एकदम शांतता.)

मे महिना, पहाटेचे साडेचार. नागपुरात उन्हाळ्यात या वेळेला कुठे डोळ्याला डोळा लागतो, आणि आमच्या घरात नेमका तेव्हाच कुलर बंद व्हायचा. आजी उठलेली असायची. "त्याच्या घरघरीत माहं मलेच आयकू येत नाही," म्हणायची. आम्ही घामाघूम होऊन कूस बदलायचो आणि ती स्वयंपाकघरात चटई टाकून बसायची. समोर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, त्यात खोचलेली शंभर पानी वही.

वहीत नावं होती. एका पानावर एक नाव. नावाखाली दोन-तीन शब्द : पोटदुखी. नोकरी गेली. दारू. परीक्षा, गणित. ती नावावर बोट ठेवायची, पुटपुटायची, पान उलटायची. काम झालं म्हणून नाव खोडताना मी तिला कधी पाहिलं नाही.

याला ती प्रार्थना म्हणायची. आणि कधीकधी, आवाज जरा खाली आणून, लढाई.

(दृश्य : रविवार सकाळ. सदर, मोहननगर, मेकोसाबाग, जरीपटका. उपासनेचे आवाज एकमेकांत मिसळतात.)

नागपूरच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या कोणालाही ‘आत्मिक युद्ध’ हा शब्द नवा नाही. या शहरात रविवारी मराठीत, हिंदीत, तेलुगूत, तमिळमध्ये, मल्याळममध्ये उपासना होते. कुठे छापील पुस्तकातली प्रार्थना सगळे एका सुरात म्हणतात, कुठे अख्खी मंडळी एकदम मोठ्यानं बोलते. घराघरांत उपास-प्रार्थना होतात, रात्रभर मध्यस्थी, म्हणजे दुसऱ्यांसाठी प्रार्थना, चालते. ‘बंधनं तुटोत’, ‘येशूच्या नावात निघून जा’ अशी वाक्यं खिडकीतून बाहेर येतात. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटतं, आत भांडण चाललंय की काय? कोणाशी?

त्याचा प्रश्न बरोबर आहे. आम्ही लढतो म्हणतो, ते कोणाशी? याचं उत्तर चुकलं तर घरं मोडतात. मी मोडताना पाहिली आहेत, म्हणून हे सांगते आहे.

(दृश्य : पवित्र शास्त्राचं उघडं पान. समासात पेन्सिलीच्या खुणा.)

लढाईची ही भाषा आमच्याकडे मुख्यतः एका पत्रातून आली. बायबलमधलं इफिसकरांस पत्र, सहावा अध्याय. लिहिणारा प्रेषित पौल स्वतःला बेड्यांत पडलेला वकील, म्हणजे राजदूत, म्हणवतो. तो विश्वासणाऱ्याला घालायचं चिलखत सांगतो : सत्याचा कमरपट्टा, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, पायांत शांतीच्या सुवार्तेची तयारी, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आणि आत्म्याची तलवार, म्हणजे देवाचं वचन. संडे स्कूलमध्ये आम्ही हे सगळं पुठ्ठ्याचं करून अंगावर चढवलं होतं. माझ्या वाट्याला ढाल आली होती, चुरमुऱ्याच्या खोक्याची.

ढालीसाठी मूळ ग्रीक पत्रात जो शब्द आहे तो ‘दार’ या शब्दावरून आला आहे. हातात मावणारी गोल ढाल नव्हे, दाराएवढी उभी ढाल, लाकडाचे थर चिकटवून वर कातडं मढवलेली. रोमी शिपाई ती शेजारच्याच्या ढालीला भिडवून उभा राहायचा. एकट्यानं वापरायची ती वस्तूच नव्हती. आणि पौल हे एकाला सांगत नाही, सगळ्या मंडळीला मिळून सांगतो.

दुसरं, या ओळींमध्ये ‘चाल करून जा’ असं कुठेच नाही. पुन्हा पुन्हा येतं ते ‘टिकाव धरा’, ‘उभे राहा’. आणि हे चिलखत मुळात पौलाच्या डोक्यातून निघालेलं नाही. त्याच्या कितीतरी आधीच्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, एकोणसाठाव्या अध्यायात, न्याय कुठेच उरला नाही म्हणून देव स्वतः नीतिमत्त्वाचं उरस्त्राण आणि तारणाचं शिरस्त्राण घालतो. अन्याय बघून अस्वस्थ झालेल्या देवाचे ते कपडे आहेत. ते अंगावर घालून अन्याय करता येत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी ते वाक्य, जे आजीला तोंडपाठ होतं : "आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नव्हे." ज्याला रक्त आहे, मांस आहे, तो तुमचा शत्रू नाही. शेजारी नाही, सून नाही, दुसऱ्या धर्माचा माणूस नाही, आजारी माणूस तर नाहीच नाही.

(दृश्य : दोन घरांमधली विटांची भिंत. एका बाजूला तुळस, दुसऱ्या बाजूला मोगरा.)

आमच्या शेजाऱ्यानं कंपाउंडची भिंत घातली, ती आमच्या जागेत हातभर आत आली. मोजणी झाली, वकील झाले, तारखा पडत राहिल्या. त्या दिवसांत घरी प्रार्थनेला आलेल्या एकानं स्तोत्रसंहितेतली ओळ काढली, दुर्जनांचे दात पाडण्याची. स्तोत्रांत अशा ओळी आहेत, लपवण्यात अर्थ नाही. छळलेल्या माणसाचा तो आक्रोश आहे, आणि तो आक्रोश देवापुढे ओतायची मुभा शास्त्रानं ठेवली आहे. पण इथे आक्रोश नव्हता, शेजाऱ्याच्या नावानं एकेक वाक्य नेम धरून सोडणं चाललं होतं. बाबाही ‘आमेन’ म्हणत होते.

आजीनं डोळे उघडले. म्हणाली, "त्याच्यासाठी माग बाप्पा, त्याच्यावर नको मागू."

प्रार्थना तिथेच थांबली. चहा झाला. आलेले लोक जरा नाराज होऊनच गेले.

(दृश्य : ऑल सेंट्स कॅथेड्रल, सदर.)

ज्या पत्रात हे चिलखत आहे, त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एक भिंत आहे. यहुदी आणि परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेले, यांच्या मधली आडभिंत ख्रिस्तानं पाडली, असं पौल लिहितो. चिलखताचा अध्याय चार अध्याय पुढे आहे. म्हणजे हे युद्ध भिंत पाडल्यानंतर, ती पुन्हा उभी राहू नये म्हणून आहे, असं मी ते वाचते.

आपल्या नागपुरात याचं एक उदाहरण आहे, आणि नागपूरकर ख्रिस्ती लोकांनाही ते फारसं आठवत नाही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी सदरच्या या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा जन्म झाला. बोलणी 1929 पासून चालू होती. बाप्तिस्मा लहानपणी द्यायचा की जाणत्या वयात, बिशप असावा की नसावा, अशा प्रश्नांवर ज्यांचे पूर्वज एकमेकांच्या पंगतीला बसत नव्हते, ते एका वेदीपुढे आले. एक्केचाळीस वर्षांच्या प्रार्थनेचं ते फळ. त्या दिवशी कोणी आरोळ्या ठोकून कोणाला पळवून लावलं नव्हतं.

(दृश्य : भर दुपारची ओसाड गल्ली. तापलेला डांबरी रस्ता.)

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतात राहणाऱ्या साधूंनी या लढाईचा बारीक अभ्यास केला. त्यांतल्या इव्हाग्रियस नावाच्या साधूनं माणसाला छळणारे आठ विचार सांगितले : खादाडपणा, वासना, लोभ, दुःख, राग, कंटाळा, प्रतिष्ठेची हाव आणि गर्व. त्यातल्या कंटाळ्याला तो भर दुपारचा दुष्टात्मा म्हणतो. ऊन हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, हातातलं काम नकोसं होतं, सगळ्यांचा राग येतो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता नागपुरात राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. या साधूंच्या लेखी सैतान आधी मनात कुजबुजतो. आपल्या संतांनीही रात्रंदिवसाच्या युद्धाबद्दल बोलताना बाहेरच्या जगासोबत मनाचं नाव घेतलंच आहे.

आजच्या काळातले काही अभ्यासक पौलाच्या ‘सत्ता’ आणि ‘अधिपती’ या शब्दांचा अर्थ व्यवस्थांपर्यंत नेतात. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर विंक यांनी 1984 पासून हे मांडलं : संस्थांना, राज्यांना, रूढींनाही एक आतला आत्मा असतो आणि तो बिघडतो. मला हे पटतं. दीक्षाभूमीच्या शहरात राहून जात ही एक दुष्ट सत्ता आहे हे कळायला ग्रीक यायची गरज नाही. ती आमच्या मंडळ्यांतही शिरली, लग्नं जुळवताना तर उघड दिसते. तिच्याविरुद्ध किती उपास-प्रार्थना झाल्या?

(दृश्य : रात्रीच्या वस्तीतून चालत जाणारा एक छोटा गट. चेहरे दिसत नाहीत.)

मग एक वेगळीच शिकवण आली. 1990च्या सुमारास पीटर वॅग्नर या अमेरिकन शिक्षकानं आणि त्यांच्या सोबत्यांनी असं मांडलं की प्रत्येक शहरावर, प्रदेशावर एखादा दुरात्मा राज्य करतो. त्याचं नाव शोधायचं, नकाशे करायचे, वस्तीतून चालत प्रार्थना करायची. आधार बायबलमधल्या दानीएल संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या दहाव्या अध्यायाचा : देवदूत दानीएलला म्हणतो, पारसाच्या, म्हणजे इराणच्या, अधिपतीनं मला एकवीस दिवस अडवलं. ही शिकवण आमच्यापर्यंतही पोचली. कॉलेजात असताना मीही अशी चालले आहे, वह्या घेऊन, कुठल्या चौकात काय ‘जाणवतं’ ते टिपत.

त्या मुलीला आज मी दानीएल नीट वाचायला सांगेन. दानीएलला त्या लढाईचा पत्ताही नव्हता. तो तीन आठवडे शोक करत होता, चांगलं अन्न खात नव्हता. त्याच्या आधीच्या अध्यायात तर तो आपल्याच लोकांच्या पापांची कबुली देतो. त्या अधिपतीशी तो एक शब्द बोलत नाही. लढाई झाली होती हे त्याला नंतर कळतं.

1993 साली लंडनला लोझान चळवळीचा, म्हणजे जगभर सुवार्ता सांगणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या चळवळीचा, मध्यस्थी-गट जमला होता. ही मंडळी सैतान नाही म्हणणारी नव्हती, कळकळीनं प्रार्थना करणारी होती. त्यांनीच इशारा दिला की युद्धाच्या भाषेमुळे आपण माणसांकडे वैरी म्हणून बघू लागलो आहोत, आणि इतर धर्मांच्या लोकांना आपली भाषा हिंसक वाटते आहे. आमच्या गल्लीत एका टोकाला विहार आहे, दुसऱ्या टोकाला मंदिर. मला कांजिण्या झाल्या तेव्हा शहाळं घेऊन पहिल्यांदा आलेल्या काकू त्याच मंदिरात रोज दिवा लावायच्या. त्यांच्या घराला मी शत्रूची तटबंदी म्हणू? पौलानं करिंथकरांना लिहिताना तटबंदी हा शब्द वापरला खरा, पण त्याच ओळीत तो सांगतो की पाडायचे आहेत ते तर्क आणि गर्व.

(दृश्य : खिडकीतला पडदा. टेबलावर गोळ्यांची पट्टी, अर्धी रिकामी.)

आता मावशीचं.

मावशी महिनोन् महिने झोपत नव्हती. जेवण तुटलं, आंघोळ तुटली. डॉक्टरांनी नैराश्याचं निदान केलं, गोळ्या सुरू झाल्या, पाच-सहा आठवड्यांनी ती पुन्हा डाळीला फोडणी द्यायला लागली. मग एक प्रार्थना-गट घरी यायला लागला. त्यांचा पुढारी म्हणाला, हा उदासीचा आत्मा आहे, गोळी घेणं म्हणजे अविश्वास. मावशीनं गोळ्या नाल्यात टाकल्या आणि सगळ्यांपुढे साक्ष दिली. टाळ्या वाजल्या. दोन महिन्यांत ती पूर्वीपेक्षा खोल गेली. तेव्हा तोच माणूस म्हणाला, घरात कोणाचं तरी पाप लपलं आहे. घरात म्हणजे काकांकडे बोट. लढाई रक्तमांसावर आली ती अशी.

मावशी वाचली. पुन्हा दवाखान्यात नेलं, पुन्हा गोळ्या, या वेळी सावकाश. पण ‘माझा विश्वास कमी पडला’ हे वाक्य तिच्या तोंडून जायला कितीतरी वर्षं गेली.

हे रोखायच्या वाटा चर्चकडे आहेत, आणि जुन्या आहेत. कॅथलिक कायद्यानुसार बिशपची स्पष्ट परवानगी असल्याशिवाय कोणत्याही धर्मगुरूला भूतबाधा काढण्याचा विधी करता येत नाही. 1999 साली आलेल्या सुधारित विधीत बजावलं आहे की बाधा आहे असं चटकन मानू नका, आजार असू शकतो, जाणकार डॉक्टरांना विचारा. आणि प्रोटेस्टंट म्हणाल तर, स्कॉटिश मिशननं नागपुरात प्रार्थनेसोबत दवाखाना बांधला. सीताबर्डीच्या बाजूचं मुर मेमोरियल हॉस्पिटल त्याची खूण आहे. गोळी आणि गुडघे टेकणं यांत त्या लोकांना भांडण दिसलं नव्हतं. शिवाय देशाचा कायदाही आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, छळ करणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, आणि तो जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर 2013 मध्ये मंजूर झाला तो इथेच, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात.

माझा सैतानावर विश्वास आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला नाकारतात, ते मी मनापासून नाकारलं आहे. म्हणूनच म्हणते, त्या खोलीत तो होता तर मावशीच्या आजारापेक्षा त्या टाळ्यांत जास्त होता. गेथशेमाने बागेत येशूला धरायला लोक आले तेव्हा त्याचा शिष्य पेत्र यानं तलवार उपसली आणि एका दासाचा कान कापला. येशू म्हणाला, तलवार जागच्या जागी घाल. आणि लूक सांगतो, त्यानं तो कान बरा केला. त्याआधी त्याच पेत्राला त्यानं सांगितलं होतं, जागे राहा आणि प्रार्थना करा. तो झोपला होता. जो प्रार्थनेत जागा राहिला नाही, त्याच्या हाताला तलवार लवकर सापडली.

(दृश्य : चटई. वही. पहाटेचा उजेड.)

आजी गेल्यावर वही माझ्याकडे आली. भिंतीवाल्या शेजाऱ्याचं पान मी मुद्दाम शोधलं. खटल्याच्या त्या वर्षांत, वेगवेगळ्या शाईंत लिहिलेलं : गुडघा. झोप नाही. सुनेचं बाळंतपण. मुलगी झाली, बरं झालं. भिंतीबद्दल एक अक्षर नव्हतं. भिंत अजून आहे, हातभर आतच आहे.

मागची काही पानं कोरी होती. मावशीच्या गोळ्या सोडवणाऱ्या त्या माणसाचं नाव मी त्यातल्या एकावर लिहिलं. नुसतं नाव. किती पहाटे तसंच राहिलं, बोट ठेवायची आणि पान उलटायची. मागच्या आठवड्यात मंडळीत कळलं की त्याची मुलगी दहावीला आहे आणि घाबरून जेवत नाही. कुलर बंद केला, पेन घेतला, नावाखाली लिहिलं : मुलगी. परीक्षा.