तीसचा ग्रुप

(दृश्य : निगडीचा भक्ती-शक्ती चौक, पहाट. पुढे पांढरे, मागे लाल दिवे लावलेल्या सायकली एकेक करून गोळा होतात.)

निवेदन :

पुण्यातल्या सायकल क्लबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शनिवारी संध्याकाळी एक मेसेज ठरलेला असतो. 'उद्या फास्ट राइड. जुना मुंबई हायवे, ६० किलोमीटर. ॲव्हरेज ३० प्लस. हेल्मेटशिवाय येऊ नये.' जागा कळते, वेळ कळते, किती लांब जायचंय तेही कळतं. फसवतो तो तीसचा, म्हणजे ताशी तीस किलोमीटर सरासरीचा आकडा.

एकट्यानं पाषाण-सूस रस्त्यावर सव्वीसनं जाणारा मुलगा हा मेसेज वाचतो आणि म्हणतो, चारच तर वाढवायचेत. सोमाटणे फाटा यायच्या आत ग्रुप त्याच्या नजरेआड गेलेला असतो. असे किती जण पुढच्या रविवारी परत येत नाहीत, याची नोंद कोणताच क्लब ठेवत नाही.

म्हणून आधी हिशेब मांडू.

(दृश्य : पडद्यावर रस्त्याची रेघ. दोन टोकांना वस्ती, मधे मोकळा रस्ता.)

साठ किलोमीटरमधले पहिले दहा आणि शेवटचे दहा वस्तीतले धरा. सिग्नल, स्पीडब्रेकर, रंबलर, उलट्या बाजूनं येणारी दुचाकी, फिरायला निघालेली माणसं. इथे वीसच्या वर जाण्यात शहाणपण नाही. म्हणजे वीस किलोमीटरला एक तास गेला. उरलेले चाळीस किलोमीटर ग्रुपनं ताशी ३६च्या वेगानं काढले, तर त्याला साधारण ६७ मिनिटं लागतात. एकूण दोन तास सात मिनिटं. सरासरी पडते २८.४.

छत्तीसनं चाळीस किलोमीटर जाणं ही चांगली जोरदार राइड आहे. तरीही तीस काही आले नाहीत. ते हवेच असतील तर साठ किलोमीटर दोन तासांत संपवायला हवेत. एक तास वस्तीत गेलेलाच आहे, तेव्हा मधले चाळीस किलोमीटर उरलेल्या एका तासात, म्हणजे ताशी ४०नं.

आता हवेचं गणित. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची ताकद खाते ती मुख्यतः हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं. मध्यम बांध्याचा माणूस रोडबाइकवर, वारा पडलेला असताना, एकटा तीसनं जात असेल तर त्याला अंदाजे १४० वॅट लागतात. छत्तीसला २३०. चाळीसला ३००च्या पुढे. म्हणजे घड्याळावरचे २८.४ तीसवर न्यायचे असतील तर ताकद एक तृतीयांशानं वाढवावी लागते. एवढी वाढ एका मोसमात मिळाली तरी खेळाडू खूश असतो. रविवारी सकाळी ठरवून ती मिळत नाही.

मग ती कसर कुठून भरून काढली जाते? सिग्नलवरून. लाल दिवा दिसला की कुणीतरी ओरडतं, 'मोकळं आहे, चला.' देहूरोडच्या वस्तीतून ग्रुप तिशीच्या वेगानं जातो. शाळेजवळच्या स्पीडब्रेकरवर ब्रेक न लावता उडी मारली जाते. क्लबांमधल्या सरासरीच्या हव्यासाबद्दल मला खरी चिंता वाटते ती इथे. हायवेच्या कडेला बारा जण एकमेकांच्या चाकामागे वीतभर अंतर ठेवून जात असतात. पुढच्यानं घेतलेला एक चुकीचा निर्णय अकरा जणांच्या अंगावर येतो.

(दृश्य : वरून टिपलेली रांग. बारा सायकली, एकामागे एक. कॅमेरा हळूहळू पुढे सरकतो.)

रांग नीट चालली तर मात्र काय होतं ते पाहण्यासारखं असतं.

दुसऱ्या माणसाला पहिल्यापेक्षा पाव ते एक तृतीयांश कमी ताकद लावावी लागते. मागे आणखी आराम असतो. पुढच्यालासुद्धा थोडा फायदा होतो, कारण मागे कुणी असलं की त्याच्या पाठीमागची हवेची ओढ कमी होते. हा फायदा अडीच टक्क्यांच्या आसपास भरतो. २०१८मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोवन तंत्रविद्यापीठातल्या बर्ट ब्लोकेन या संशोधकाच्या गटानं १२१ सायकलस्वारांच्या जमावाचं संगणकावर आणि पवनबोगद्यात गणित केलं. जमावाच्या पोटात दडलेल्या स्वारावरचा हवेचा विरोध एकट्याच्या तुलनेत पाच ते दहा टक्केच उरतो, असं त्यांना आढळलं. अर्थात तो जमाव अख्खा रस्ता व्यापतो. आपल्याकडे बारा जण आहेत, एकेरी रांग आहे, उजवीकडून ट्रक जातोय. तरी उरलेला फायदा थोडाथोडका नाही.

तो मिळवायचा तर पुढे आलेल्यानं एकच गोष्ट करायची. आपल्याआधी जो पुढे होता त्याचाच वेग धरायचा. सांगायला हे सोपं आहे. पाच मिनिटं आडोशाला विश्रांती घेतलेला माणूस पुढे येतो, पाय ताजे असतात, मागे ओळखीची माणसं बघत असतात. तो चौतीसवरून अडतीसवर जातो. त्याला वाटतं आपण कामाचा वाटा उचलला. प्रत्यक्षात त्यानं नुकताच पुढून बाजूला झालेल्या माणसाला तोडलेलं असतं. तो बिचारा धापा टाकत रांगेच्या शेपटाला लागायच्या प्रयत्नात असतो, आणि नेमकं तेव्हाच शेपूट पळायला लागतं.

जुने सायकलस्वार नव्यांना सांगतात, 'पुढे आल्यावर आकडा बघ, वाढू देऊ नकोस. दमायला लागलास की कोपर हलव आणि बाजूला हो. दमल्यावर नाही, दमायच्या आधी.' तीस सेकंदांचा 'पुल', म्हणजे पुढे राहून वारा झेलण्याची पाळी, चालतो. अजिबात न घेताही चालतं, पण मग शेवटच्या जागेवर थांबायचं आणि बाजूला होणाऱ्याला आपल्या पुढे जागा करून द्यायची. रांगेच्या मधेच गॅप सोडणारा सगळ्यांना महागात पडतो.

(दृश्य : स्पीडब्रेकर. रांग आवळते, सुटते. शेवटची स्वार उभी राहून पेडल मारते आहे.)

शेवटच्या जागेकडे थोडं जास्त बघा. स्पीडब्रेकर आला की पुढचा वेग कमी करतो, मागचे एकमेकांवर येतात. पुढचा ओलांडून गेला की लगेच वेग घेतो. तेव्हा शेवटची अजून ब्रेकवर असते. ती ओलांडते तोवर पुढचे पस्तीसला पोचलेले असतात आणि तिला चाळीसच्या पुढे जाऊन त्यांना गाठावं लागतं. बाजाच्या पेटीच्या भात्यासारखी ही रांग दिवसभर उघडझाप करत राहते, आणि प्रत्येक झटका शेवटच्याच्या पायांत जातो. पुढचा सांगतो, 'आज अगदी आरामात चाललो होतो.' तो खोटं बोलत नाही. शेवटची पंधरा वेळा स्प्रिंट मारून घरी येते. दोघांच्या गार्मिनवर, म्हणजे हँडलवरच्या वेगमापकावर, सरासरी सारखीच असते.

म्हणूनच वळणानंतर आणि स्पीडब्रेकरनंतर पुढच्यानं दहा-पंधरा सेकंद हलक्या पायानं जायचं असतं. मागून 'ऑल ऑन', म्हणजे सगळे रांगेत आले, असा आवाज आला की मग वेग. ज्या क्लबात हा आवाज रोज येतो, तो क्लब चांगला, असं मी डोळे मिटून म्हणेन.

वडगाव मागे पडतं, कामशेतची खिंड येते. इथे रांगेचा हिशेब बदलायला लागतो. खऱ्या घाटात तो पुरताच बदलतो. सिंहगडाचा रस्ता घ्या. पायथ्यापासून वाहनतळापर्यंत नऊएक किलोमीटर, चढ सहाशे मीटरहून जास्त. ताशी बारानं चढताना शंभर वॅटमधले जेमतेम तीन-चार हवेवर जातात, बाकी जवळजवळ सगळे वजन वर उचलण्यात. कुणाच्या मागे लपून फारसं काही हाती लागत नाही. त्यामुळे बोपदेव असो, दिवे घाट असो की कात्रजचा जुना घाट, समंजस क्लबात पद्धत एकच. ज्यानं त्यानं आपल्या दमानं चढायचं आणि माथ्यावर सगळ्यांनी थांबायचं. वजन आणि ताकद यांचं नातं घाटात उघडं पडतं, म्हणून तर मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा मान वेगळा दिला जातो.

आणि घाटाच्या दिवशी सरासरी विचारूच नये. वीस किलोमीटर पंधरानं चढलात आणि तेच वीस पंचेचाळीसनं उतरलात, तर सरासरी तीस येत नाही. साडेबावीस येते. चढायला ८० मिनिटं गेली, उतरायला २७ पुरली. उतारावर जिवावर उदार होऊन साठनं आलात तर वाचतात जेमतेम सात मिनिटं.

(दृश्य : पावसाळी हवा. झाडं पूर्वेकडे वाकलेली. स्वार खाली वाकून चाललेत.)

वाऱ्याचंही असंच. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. लोणावळ्याकडे जाताना तो छातीवर, परतताना पाठीवर. येताना सगळे चाळीसनं पळतात, जाताना सव्वीसलाही जीव जातो. जातानाचा वेळ जास्त असल्यामुळे वाऱ्यानं घेतलेलं वारा पूर्ण परत करत नाही. तिरका वारा असेल तर स्वारांनी तिरकी फळी धरायची असते, पण तिला अख्खी लेन लागते. शर्यतीसाठी बंद केलेल्या रस्त्यावर ते ठीक. जुन्या हायवेवर ट्रक-टेम्पोंच्या मधे कुणी हा प्रयोग करू नये, वेग सरळ कमी करावा.

मग अशा राइडमधून मिळतं काय? पुष्कळ मिळतं. एकट्यानं घराबाहेर पडून स्वतःला एवढं पिळणं फार थोड्यांना जमतं. पुढे तीस सेकंद जोर, मागे पाच मिनिटं उसंत, वळणानंतर पुन्हा झटका. या झटक्यांनी हृदय आणि पाय दोन्ही शिकतात. दुसऱ्याच्या चाकामागे न घाबरता बसणं, नजर चाकावर न ठेवता खांद्यावरून पुढे ठेवणं, खड्डा दिसताच हातानं दाखवणं, आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला जाऊ न देणं, कारण ती टेकली तर पडतो तो मागचा. हे फक्त ग्रुपमध्येच शिकता येतं.

जे मिळत नाही तेही सांगायला हवं. रोज फास्ट राइड करणारा काही महिन्यांत अडकतो. धड सोपं नाही, धड कठीण नाही अशा मधल्या जोरावर तो कायम राहतो, पायांचा थकवा उतरत नाही, आणि आकडा जिथल्या तिथे. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. बाकीचे दिवस गप्पा मारता येतील इतक्या हळू. क्लबातल्या सगळ्यांत वेगवान माणसाला मंगळवारी सकाळी खडकवासल्याच्या रस्त्यावर बावीसनं जाताना बघून नवे लोक चकित होतात. त्यात चकित होण्यासारखं काही नाही, त्या माणसाचा वेग तिथेच तयार होतो.

(दृश्य : जुनी छायाचित्रं, नकाशावर अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत रेघ.)

सरासरीला खरा अर्थ असतो अशा जागा आहेत. ८ ऑक्टोबर २०२२ला स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंशनच्या बंदिस्त ट्रॅकवर इटलीचा सायकलपटू फिलिप्पो गान्ना एका तासात ५६.७९२ किलोमीटर गेला. वारा नाही, सिग्नल नाही, आडोसा द्यायला कुणी नाही. तो आकडा संपूर्णपणे त्या माणसाचा.

दुसरी जागा आपल्या जवळची. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या गटात पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत. आलटून पालटून, दिवसरात्र. सरासरी काढली तर ताशी तेवीसच्या आसपास येते. रविवारच्या मेसेजमध्ये तेवीस लिहिलं तर फास्ट ग्रुपमधलं कुणी फिरकणार नाही. पण इथे घड्याळ कधीच थांबत नव्हतं. वाळवंट, रॉकी पर्वत, झोप, अदलाबदल, सगळं त्यात धरलेलं.

ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करणाऱ्यांना हे मुळातच ठाऊक असतं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३००ला वीस, ४००ला सत्तावीस, ६००ला चाळीस. चहा, पंक्चर, जेवण, डुलकी सगळं धरून. तासाला पंधराचा हिशेब जमला की झालं. सिग्नलवर उभं राहिलं की आपोआप थांबणाऱ्या घड्याळानं काढलेल्या सरासरीची ते फुशारकी मारत नाहीत.

(दृश्य : मोबाइलचा पडदा. मेसेज टाइप होतो आहे.)

तेव्हा क्लबांच्या राइड लीडरना एक विनंती. मेसेजमधून सरासरी काढून टाका. त्याऐवजी असं लिहा : 'सपाट मोकळ्या रस्त्यावर, वारा नसताना, ग्रुप ३३ ते ३५नं जाईल. देहूरोड पार होईपर्यंत वीसच. सिग्नल पाळायचे. खिंडीच्या माथ्यावर आणि परतीच्या वळणावर सगळे येईपर्यंत थांबू. पुल घेणं ऐच्छिक. पंक्चर झालं तर सगळे थांबतील. मागे एक अनुभवी स्वार शेवटपर्यंत असेल.'

पाषाणच्या त्या मुलाला यातून कळेल की चौतीसला आडोशात त्याला टिकता येईल, पण पुढे जायची घाई करायची नाही. कदाचित त्याला असंही वाटेल की अजून दोन महिने मधल्या ग्रुपबरोबर जावं. तसं वाटलं तर त्यानं जरूर जावं. मधला ग्रुपही त्याच चौकातून निघतो, दहा मिनिटं उशिरा.