चाळीस आमदार, बारा मंत्री आणि खात्यांचा हिशेब

(फोंडा येथील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशीचा पेपर आपण सगळेच वाचतो. गृहिणींच्या गृहआधार योजनेचे पैसे वाढले का, आपल्या मतदारसंघाला काय मिळालं, एवढं बघितलं की आपला विषय संपतो. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या वर्षभराबद्दल. मंजूर झालेला पैसा खात्याने कशावर खर्च केला, उरला तर का उरला, हे विचारायचं कोणी?

घटनेने ते काम आमदारांवर सोपवलंय. कलम २०३ प्रमाणे खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या विधानसभेपुढे येतात. सभागृह त्या मंजूर करतं, नाकारतं किंवा कमी करतं. वाढवू मात्र शकत नाही. विनियोजन विधेयक, म्हणजे मंजूर पैसा खर्चायची परवानगी देणारं विधेयक, संमत झाल्याशिवाय राज्याच्या तिजोरीतून, एकत्रित निधीतून, पैसा निघत नाही. वर्ष उलटल्यावर कॅगचा, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचा अहवाल राज्यपालांमार्फत सभागृहात येतो आणि आमदारांची लोकलेखा समिती तो तपासते. कायद्यात उणं काढण्यासारखं फारसं काही नाही. गोव्याची अडचण माणसांच्या संख्येत आहे.

२००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळावर १५ टक्क्यांची मर्यादा घातली. चाळीसच्या सभागृहात हे सहाच मंत्री होतात. पण त्याच दुरुस्तीत लहान राज्यांसाठी सवलत आहे: मुख्यमंत्र्यांसह किमान बारा. म्हणजे आपल्याकडे ३० टक्के सभागृह मंत्रिमंडळातच बसतं. मंत्री लोकलेखा समितीवर नसतात. सभापती, उपसभापती वगळा. राहिले सव्वीस. त्यांतल्या कितीजणांकडे सरकारी महामंडळांची अध्यक्षपदं असतात ते तुम्हीच मोजा.

देवस्थानच्या वार्षिक सभेत आपले महाजन, म्हणजे देवस्थानचे सभासद, पालखीच्या खर्चावरून रात्री उशिरापर्यंत भांडतात. तिथे निम्मे महाजन कार्यकारिणीवर आणि उरलेल्यांतले बरेच उपसमित्यांवर असते, तर हिशेब विचारायला उठलं असतं कोण? पर्वरीत, आपल्या विधानसभेत, नेमकं तेच होतं.

त्यात पक्षांतरं. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहाजण सत्ताधारी पक्षात गेले, सप्टेंबर २०२२ मध्ये अकरापैकी आठ. दुसऱ्या वेळी विरोधी बाकांवर सातजण राहिले. पक्षांतराची चर्चा आपण नीतिमत्तेच्या अंगाने करतो, ती करायलाच हवी. पण सात माणसांनी सगळ्या खात्यांची अर्थसंकल्पाची पुस्तकं वाचायची कधी, हा साधा प्रश्न कोणी विचारत नाही.

लोकसभेत १९६७ पासून लोकलेखा समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे जातं. आपल्याकडे २०११ मध्ये मनोहर पर्रीकर विरोधी पक्षनेते आणि या समितीचे अध्यक्ष होते. बेकायदा खाणींवर समितीने अहवाल केला. सत्ताधारी सदस्यांनी सह्या केल्या नाहीत आणि तो पटलावर येण्यावरूनच वाद झाला. पुढच्या वर्षी बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला आणि खाणी बंद पडल्या. समितीच्या टेबलावर विषय आधी आला होता, हे लक्षात ठेवा.

आता अर्थसंकल्पाच्या पुस्तकाचं एक पान उघडून बघू. साबांखाच्या, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मागणीत ३०५४ हे लेखाशीर्ष रस्ते-पुलांच्या महसुली खर्चाचं, त्यात देखभाल-दुरुस्ती येते. ५०५४ भांडवली, म्हणजे नवा रस्ता, नवा पूल. आकडा २ किंवा ३ ने सुरू झाला की महसुली, ४ किंवा ५ ने झाला की भांडवली. एवढं कळलं तरी अर्धं पुस्तक सुटतं. प्रत्येक ओळीपुढे चार रकाने असतात: आधीच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, त्याचाच सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. समजा एका कामाला १० कोटींचा अंदाज, सुधारित ४ कोटी, आणि येत्या वर्षी परत १० कोटी. भाषण करायची गरजच नाही. सहा कोटींचं काम का झालं नाही आणि ते यंदा होईल असं खात्याला कशावरून वाटतं, एवढंच विचारायचं. "निविदा प्रक्रिया सुरू आहे" हे उत्तर येईल. मग निविदेची तारीख विचारायची.

आमदार हे विचारत नाहीत असं नाही. पण मागण्यांवरच्या चर्चेत बोलायला मिळतात थोडी मिनिटं, आणि ती वाड्यावरच्या नळात, ट्रान्सफॉर्मरात जातात. मी त्यांना दोष देत नाही. मतं तिथूनच येतात. कपात सूचना येतात, मागणी शंभर रुपयांनी कमी करा म्हणून. आवाजी मतदानात त्या पडतात, कारण एक जरी संमत झाली तरी सरकार अडचणीत येतं.

दिल्लीतही चर्चा होतेच असं नाही. मार्च २०१८ मध्ये लोकसभेने एकाही मंत्रालयावर चर्चा न करता सगळ्या मागण्या मंजूर केल्या. पण तिथे १९९३ पासून विभागवार स्थायी समित्या आहेत, आज चोवीस. मागण्या त्यांच्याकडे जातात, सचिवांना समोर बसवून विचारतात. केरळने विषय समित्या १९८० मध्येच सुरू केल्या. आपल्याला चोवीस समित्या परवडणार नाहीत, तेवढे आमदार आणायचे कुठून? माझं मत असं, की दर वर्षी तीन-चारच खाती निवडावीत आणि मागण्यांवरच्या मतदानाआधी त्यांचं पान न् पान समितीत तपासावं. वीज आणि साबांखापासून सुरुवात करावी.

शेवटी एका श्रोत्याने विचारलं, सामान्य माणसाने काय बघायचं? अर्थसंकल्पाची पुस्तकं आणि विधानसभेतल्या प्रश्नांची उत्तरं संकेतस्थळावर असतात. उत्तर एका ओळीचं असतं, खरा ऐवज जोडलेल्या परिशिष्टात: कामाचं नाव, ठेकेदार, रक्कम. आपल्या वाड्यावरचं काम त्यात शोधा आणि जाऊन बघून या. "माहिती गोळा केली जात आहे" असं दिसलं, तर तारीख लिहून ठेवा आणि पुढच्या अधिवेशनाआधी आमदाराला विचारा, गोळा झाली का म्हणून.