नऊ नंबरचा ट्रे

श्रोतेहो, नमस्कार.

दात वेडेवाकडे असले की आपल्याकडे एकच शब्द निघतो, तार. 'पोरीला तार बसवली', 'पोराची तार निघाली'. पण गेल्या काही वर्षांत माझ्या तालुक्याच्या दवाखान्यातही पोरंपोरी मोबाइल पुढे करून म्हणतात, "सर, ते न दिसणारं बसवून द्या." न दिसणारं म्हणजे अलायनर. तुमच्या दातांच्या नेमक्या मापाचा, पारदर्शक प्लास्टिकचा पातळ ट्रे. वर एक, खाली एक. हवा तेव्हा काढता येतो. आणि सगळी भानगड तिथेच आहे. काढता येतो!

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती बारीक धाग्यांचं अस्तर असतं. दाताला हलका पण सतत दाब दिला, की पुढच्या बाजूचं हाड थोडं विरतं, मागच्या बाजूला नवं भरतं, आणि दात सरकतो. तार हेच करते, अलायनरही हेच करतो. फरक इतकाच, की एक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर हलवतो. मग आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचा नंबर. एक, दोन, तीन, असे कुणाला पंधरा ट्रे लागतात, कुणाला तीस. आणि ट्रे दिवसाचे २२ तास तोंडात हवा. पुन्हा सांगतो, २२ तास. जेवायला, चहाला आणि ब्रश करायला मिळून उरले दोन. आता आपल्याकडे दिवसाला सहा चहा, आणि प्रत्येक चहाला बसस्टँडवर अर्धा तास. करा हिशोब.

ही कल्पना धंद्यात आणली ती दातांच्या डॉक्टरांनी नव्हे बरं का. १९९७ साली कॅलिफोर्नियात झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी कंपनी काढली. चिश्तींनी मोठेपणी स्वतः तार लावून घेतली होती. तार निघाल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून जो काढता-घालता येणारा साचा, म्हणजे रिटेनर, मिळतो, त्यावरून त्यांना हे सुचलं. असो. मला आज सांगायचंय ते पोळ्याचं.

आर्वीकडचं एक गाव. घरी गवळाऊ बैलांची जोडी, आणि नात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिचा नऊ नंबर चालू होता. पोळा फुटला, बैल दारात आले, घरात पुरणपोळ्यांची घाई. नातीनं गरम भजं तोंडात टाकायला दोन्ही ट्रे काढले. ट्रेची डबी कॉलेजच्या बॅगेत. मग ठेवले कुठे? ओट्यावरच्या पळसाच्या द्रोणात. तेवढ्यात आजी आली. तिनं तोच द्रोण उचलला, त्यात पोळी कुस्करली, वरून तूप सोडलं आणि नेऊन धरला ढवळ्याच्या तोंडापुढे. पारदर्शक वस्तू, दिवेलागणीची वेळ, कोणाला काय दिसणार? ढवळ्यानं पोळी खाल्ली, द्रोणही खाल्ला. खालचा ट्रे उंबऱ्यापाशी पडलेला सापडला. वरचा गेला.

रात्री नऊला फोन. रेंज तुटक. आजी ओरडत होती, "डॉक्टरसायब, ढवळ्यानं नातीले..." आणि फोन कटला. श्रोतेहो, माझे हातपाय गार पडले. पाच मिनिटांनी पुन्हा लागला तेव्हा वाक्य पुरं झालं, "ढवळ्यानं नातीची कवळी खाल्ली ना जी!" आजी त्याला पहिल्या दिवसापासून कवळीच म्हणायची. "एवढ्याशा पोरीले कायले कवळी?" हा तिचा माझ्यावरचा जुना राग.

मी म्हटलं, आजी, आधी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. प्लास्टिक बैलाच्या पोटात पचत नाही, तिथेच पडून राहतं. सकाळी डॉक्टर आले, त्यांनी ढवळ्याची डावी कूस दाबून पाहिली. रवंथ करतो, चारा खातो, शेण टाकतो. लक्ष ठेवा म्हणाले. इथे मला राहवत नाही म्हणून सांगतो. एका ट्रेपायी ते घर रात्रभर जागं होतं. पण सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून फेकलेल्या प्लास्टिकच्या पन्न्या आपली जनावरं रोज पानठेल्यामागे खातात, त्यासाठी कधी कुणी फोन केलेला मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, माझा दवाखाना बंद. तरी उघडला, कारण तिघंही दारात उभी. नात रडवेली, आजी गुन्हेगारासारखी, आणि आजोबा एकदम शांत. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "म्या त्याचं तोंड उघडून पाह्यलं जी. चार दाती बैल हाय. अन् बैलाले वरचे दात असतेच कुठं? खालची नेली असती तं समजलो असतो. वरची नेऊन काय करन तो?"

मी हसलो, नात हसली, आजी मात्र हसली नाही. तिच्या मांडीवर एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता.

अडचण अशी होती, की नऊ नंबर घालून जेमतेम तीन दिवस झाले होते. तेवढ्यात दात तिथवर पोचलेले नसतात, त्यामुळे दहा नंबर बसला नसता. अशा वेळी मागे जायचं, आठ नंबर घालायचा, म्हणजे सरकलेले दात परत फिरत नाहीत. मी नातीला विचारलं, आठ कुठाय? ती म्हणाली, "फेकला, सर. सगळेच फेकले." तेव्हा आजीनं डबा उघडला. एकपासून आठपर्यंत सगळे ट्रे, घासून-वाळवून, जुन्या लुगड्याच्या पुरचुंड्यांत बांधलेले. "एवढे पैशे देल्ले, फेकाचे कायले?" आठ नंबर टचकन बसला. नवा नऊ नंबर बनून यायला तीन आठवडे लागले, तोवर पोरीनं आठवरच काढले.

तर लक्षात ठेवा, मागचा ट्रे फेकायचा नाही. मागचा ट्रे फेकायचा नाही. आणि तोंडातून निघाला की थेट डबीत. रुमालात नाही, पत्रावळीवर नाही, द्रोणात तर नाहीच.

वेळ थोडा उरलाय, बाकीचं घाईत सांगतो. ट्रे गरम पाण्यानं धुवू नका, वाकतो. आपल्या मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत ठेवला तरी तेच. ट्रे घालून फक्त साधं पाणी प्यायचं. जबडाच पुढे-मागे असेल, किंवा दात फार फिरलेले असतील, तर तारच बरी. तार दाताला चिकटलेली असते, ती तुमच्या आळसाला जुमानत नाही. खर्च तारेच्या दुपटीच्या वर जाऊ शकतो, तेव्हा आधी दोन्हींचे भाव विचारा. कीड आणि हिरड्या आधी दुरुस्त करून घ्या. एक्स-रे न काढता कुणी नुसत्या फोटोवरून ट्रे पाठवतो म्हणाला, तर घेऊ नका. फ्लोराइडच्या पाण्यानं पडलेले पिवळे डाग यानं जात नाहीत, यवतमाळकडची मंडळी नेहमी विचारतात. आणि खर्रा खाणाऱ्यांनो, गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, तुमचा खर्रा मात्र चालूच आहे. त्यातल्या सुपारीनं गाल आतून कडक होतात, तोंड दोन बोटंही उघडत नाही. ट्रे घालायचा कुठून?

दात सरळ झाल्यावर रात्रीचा रिटेनर लागतो, नाहीतर दात जुन्या जागी परत जायला बघतात. त्या नातीचाही आता रिटेनर चालू आहे. डबी आजीच्या ताब्यात असते, आणि पोळ्याच्या दिवशी कुलपात.

नमस्कार.