मुख्याध्यापकाने कुणाला विचारायचे?

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या जिल्ह्याच्या माध्यमिक मुख्याध्यापक संघाच्या अध्यक्षपदाची माझी मुदत नुकतीच संपली. संघ म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर निवेदने, धरणे आणि शिक्षणाधिकारी कार्यालयात जाणारी शिष्टमंडळे येतात. तेही आम्ही केले, आणि ते करायलाच हवे होते. पण संघाचे खरे काम कुठे झाले असे कुणी विचारले, तर मी म्हणेन, रात्री जेवणे आटोपल्यावर येणाऱ्या फोनवर.

खासगी अनुदानित शाळेत मुख्याध्यापकपद साधारणपणे सेवाज्येष्ठतेने मिळते. वर्षानुवर्षे गणित शिकवणारा माणूस एका तारखेला पदभार घेतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे कॅशबुक, शाळेच्या टिकाऊ सामानाचे डेड स्टॉक रजिस्टर, सेवापुस्तके, शालार्थ या सरकारी वेतन प्रणालीवरची वेतन देयके आणि पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब येऊन पडतो. यातले बरेचसे त्याला कुणी शिकवलेले नसते. ज्यांच्याबरोबर काल डबा खाल्ला, त्यांचीच रजा आज नाकारायची वेळ येते. संस्थेला विचारावे तर ‘एवढेही येत नाही का?’ आणि कार्यालयात विचारावे तर ‘नियमावली वाचा’. मग तो संघाला विचारतो.

एका मुख्याध्यापिकेचा फोन मला चांगला आठवतो. संस्थेने चौकशी समिती न नेमताच त्यांच्या हाती पदावनतीचा आदेश ठेवला होता. थोडे दिवस जाऊ द्यावेत, राग शांत झाला की संस्थेच्या अध्यक्षांना भेटावे, असे त्यांच्या मनात होते. पण खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या १९७७ च्या सेवाशर्ती कायद्याच्या कलम ९ प्रमाणे शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायला ३० दिवस मिळतात आणि ते आदेश हाती पडल्यापासून मोजले जातात. आमच्या कार्यकारिणीतले एक निवृत्तीला आलेले सर दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी गेले, सगळी कागदपत्रे तारीखवार लावून दिली, वकील गाठून दिला. अपील मुदतीत दाखल झाले. या कामाची बातमी कुठे छापून आली नाही. संघ असावा तो यासाठी, असे मला मनापासून वाटते.

दुसरा विषय संचमान्यतेचा. ३० सप्टेंबरच्या पटावर शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष बदलले आणि वाडी-वस्तीवरच्या कमी पटाच्या शाळांच्या डोक्यावर टांगती तलवार आली. तिथे एकेका मुलाला मोल आहे. त्यात पडताळणी झालेल्या आधारची अट. जनरल रजिस्टरला मुलाचे नाव ज्ञानेश्वर, आधारवर माऊली, कारण घरी त्याला माऊलीच म्हणतात आणि कार्ड काढताना कुणीतरी तेच सांगितले. मूल बाकावर बसलेले आहे, हजेरीपटावर आहे, पण संगणक ते मोजत नाही. आई-बाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेले की दुरुस्ती वसंतापर्यंत लांबते. आम्ही तालुक्यातालुक्यांत आठवडी बाजाराच्या दिवशी शाळेतच आधार दुरुस्तीची सोय व्हावी म्हणून पाठपुरावा केला. काही ठिकाणी झाली, काही ठिकाणी यंत्रच आले नाही.

आणि शिपाई. ११ डिसेंबर २०२० च्या निर्णयाने अनुदानित शाळांतली चतुर्थश्रेणीची पदे रिक्त होतील तशी संपत चालली आहेत. त्यांच्या जागी शिपाई भत्ता, ग्रामीण भागात महिना ५,००० रुपये. एवढ्यात दिवसभर कोण थांबणार? सकाळी कुलूप मुख्याध्यापक उघडतो, घंटा नववीतला मुलगा देतो, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी भरलेले आहे की नाही हे बाई तासाला जाता जाता बघतात. मला हा निर्णय चुकीचा वाटतो आणि पद सोडल्यावरही मी तेच म्हणत राहीन. शाळेतला शिपाई म्हणजे केवळ फायली नेणारा हात नव्हे. फाटकातून बाहेर निघालेल्या मुलाला नावानिशी हाक मारणारा तोच असतो.

विधान परिषदेत शिक्षकांचे सात मतदारसंघ आहेत. निवडणूक जवळ आली की संघाच्या सभांना गर्दी वाढते. सगळ्या उमेदवारांना एकाच व्यासपीठावर बोलवायचे आणि पाठिंबा कुणालाच जाहीर करायचा नाही, हे आम्ही ठरवले आणि पाळले. काही जिवलग मित्र नाराज झाले. पण एकदा संघाला रंग लागला की अर्धे सभासद रात्री फोन करायचे थांबतात.

एक मागणी अपुरी राहिली. पदभार घेण्याआधी प्रत्येक नव्या मुख्याध्यापकाला निदान महिनाभर हिशेब, सेवानियम आणि कार्यालयीन कामाचे प्रशिक्षण मिळावे, ही ती मागणी. नव्या अध्यक्षा ती पुढे नेणार आहेत.

ऐकणाऱ्यांत पालक असतील, त्यांना एक विनंती. मुलाच्या आधारवरचे नाव, जन्मतारीख आणि शाळेतली नोंद एकदा शेजारी ठेवून पाहा. फरक दिसला तर शाळेत या आणि सप्टेंबर उजाडण्याआधी या.

नमस्कार.